चिचुंद्री उंदीर नव्हे

वैद्यकात निदान चुकले तर काय होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. प्राणी ओळखण्यात चूक झाली तर काय होऊ शकते, हे मात्र सांगावेसे वाटते. कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे.

गोष्ट १९९८ च्या पावसाळ्यातली. काचिगुड्यात माझा दवाखाना होता. जवळच्याच एका जुन्या घरात राहणाऱ्या वहिनी सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. निघता निघता त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाई, घरात उंदीर शिरलाय हो. रात्री भिंतीच्या कडेकडेनं चिक्‌ चिक्‌ करत पळतो आणि मागे असा उग्र वास सोडून जातो की जेवण नको वाटतं." बाहेर रुग्णांची गर्दी होती. पुढचा कागद ओढत मी म्हणाले, "दुकानात उंदराचं औषध मिळतं, ते लावून ठेवा."

भिंतीच्या कडेने पळणे, चिक्‌ चिक्‌ आवाज आणि कस्तुरीसारखा उग्र दर्प. तीन लक्षणे त्यांनी न विचारता सांगितली होती. एवढ्या लक्षणांवर ज्याला निदान करता येत नाही, अशा विद्यार्थ्याला कोणताही परीक्षक उत्तीर्ण करणार नाही. त्यांच्या घरात उंदीर नव्हता, चिचुंद्री होती. पुढे जे घडले ते सांगण्याआधी ही चिचुंद्री कोण, केवढी, किती जगते आणि तिची प्रजा कशी वाढते, हे सांगणे भाग आहे. त्याशिवाय चूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही. मलाही हे सारे त्या प्रसंगानंतरच्या वाचनातून कळले.

हैदराबादेत तिला नावांचा तोटा नाही. आपण चिचुंद्री म्हणतो, दखनी बोलणारे छछूंदर म्हणतात, तेलुगू शेजारी चुंचु म्हणतात. संस्कृतात ती छुच्छुंदरी आहे. सगळी नावे तिच्या आवाजावरून पडली असावीत, असे ती ऐकतानाच वाटते. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात सुगंधी द्रव्ये चोरणाऱ्याला पुढचा जन्म छुच्छुंदरीचा मिळतो असे सांगितले आहे. शिक्षा ठरवणाऱ्याची कल्पकता दाद देण्याजोगी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूषकांचे अठरा प्रकार दिले असून त्यांत हिचाही समावेश आहे, आणि तिच्या दंशाने तहान, वांती, ज्वर, दौर्बल्य होते असे म्हटले आहे. इंग्रजांनी तिला 'मस्क रॅट' केले. किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधला चुचुंद्रा तोच; खोलीच्या मध्यभागी जाण्याचा धीर न होणारा, भिंतीच्या कडेने रडत फिरणारा. निरीक्षण अचूक आहे, नाव चुकीचे. लिनियसने १७६६ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यानेही 'म्युरिनस', म्हणजे उंदरासारखी, हेच विशेषण निवडले. आज ती 'सुंकस म्युरिनस' या नावाने ओळखली जाते. माझी चूक अशी थोरामोठ्यांच्या पंगतीतली आहे. पण त्याने ती लहान होत नाही.

वास्तविक उंदीर आणि चिचुंद्री यांचे नाते फार दूरचे आहे. उंदीर, घूस, खार हे कृंतक वर्गातले. चिचुंद्री ही हेजहॉग आणि मोल यांच्या गणातली, कीटकांवर जगणारी. जनुकांच्या अभ्यासावरून सस्तन प्राण्यांची जी वंशावळ आता मान्य झाली आहे, तिच्यात चिचुंद्री ज्या मोठ्या शाखेवर बसते त्याच शाखेवर वटवाघूळ, कुत्रा, गाय आणि देवमासा आहेत. आणि उंदीर ज्या शाखेवर बसतो तिच्यावर आपण, म्हणजे माणूस आहे. थोडक्यात, घरातला उंदीर चिचुंद्रीपेक्षा आपला जवळचा नातलग आहे. हे वाचून मला काही दिवस फारसे बरे वाटले नव्हते.

या नात्याचा पुरावा दातांत दिसतो. कृंतकांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते. चिचुंद्रीचे दात वाढत नाहीत. तिच्या कुळात दुधाचे दातदेखील जन्मापूर्वीच नाहीसे होतात. पिलू जन्मते त्यानंतर त्याला एकच दातांचा संच येतो आणि तो झिजला की संपला. त्यामुळे कुरतडलेली साडी, फोडलेले धान्याचे पोते, तोडलेली वायर यांपैकी कशाचाही दोष तिच्याकडे जात नाही. ती झुरळे, रातकिडे, गांडुळे, गोगलगायी, पाली आणि प्रसंगी उंदराची पिलेही खाते. स्वयंपाकघरातला मांसाचा किंवा तुपाचा ओशट तुकडाही तिला चालतो. कोरड्या धान्यावर किंवा पावावर ती जगत नाही. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता आकार. आपल्या चिचुंद्रीचे धड साधारण १० ते १५ सेंटिमीटर, आणि त्यापुढे बुडाशी जाड, निमुळती, विरळ लांब केसांची शेपटी. वजनात प्रदेशाप्रमाणे बराच फरक पडतो. नर बहुधा ५० ते १०० ग्रॅम, मादी त्याहून लहान, ३० ते ८० ग्रॅम. श्रू या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या कुळात ही धिप्पाडच म्हणावी लागेल. तिची युरोपातली सख्खी बहीण, म्हणजे सुंकस याच प्रजातीतली एट्रुस्कन श्रू, अवघी दोन ग्रॅमच्या आसपास भरते. इटलीत पिसा येथे पाओलो सावी याने १८२२ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. धड जेमतेम चार सेंटिमीटर. २०११ साली निघालेल्या एक रुपयाच्या नाण्याचे वजन पावणेचार ग्रॅमच्या पुढे होते; म्हणजे पूर्ण वाढलेली ही मादी अर्ध्या रुपयाएवढी. वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवरचा सर्वांत लहान सस्तन प्राणी हाच. (थायलंडचे एक वटवाघूळ लांबीच्या मापाने हा मान मागते, तो वाद प्राणिशास्त्रज्ञांवर सोडू.) ही चिमुकली केवळ युरोपची नाही, तिचा विस्तार भूमध्य सागरापासून आपल्या देशापर्यंत आहे.

इतके लहान असण्याची किंमत शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्यांना ठाऊक आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाला प्रत्येक घन सेंटिमीटरमागे सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाला ०.६. शरीर जितके लहान, तितकी उष्णता बाहेर टाकणारी कातडी तुलनेने अधिक. म्हणून एट्रुस्कन श्रूला रोज स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट अन्न लागते. थंडी पडली आणि अन्न मिळाले नाही, तर ती शरीराचे तापमान बारा अंशांच्या आसपास उतरवून काही तास गुंगीत पडून राहते. तिचे हृदय शरीराच्या वजनाच्या १.२ टक्के भरते, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या दुप्पट. विश्रांतीत ते मिनिटाला ८३५ वेळा आणि कमाल १,५११ वेळा धडधडताना नोंदले गेले आहे. सेकंदाला पंचवीस ठोके. स्टेथोस्कोप लावून ते मोजता येणार नाहीत, एक अखंड गुणगुण ऐकू येईल.

हे वाचले तेव्हा मी कागद घेऊन हिशेब मांडला. वर्षात ५,२५,६०० मिनिटे. मिनिटाला सरासरी हजार ठोके धरले आणि आयुष्य दोन वर्षांचे धरले, तर जन्मभरात १०५ कोटी ठोके होतात. हत्तीचे हृदय मिनिटाला तीस ठोके देते. साठ वर्षे जगला तर ९५ कोटी. दोन ग्रॅमचा जीव आणि चार टनांचा जीव, दोघांच्या पदरात जवळजवळ सारखीच शिदोरी. एक ती दोन वर्षांत संपवतो, दुसरा साठ वर्षांत. माणूस मात्र या हिशेबात बसत नाही. मिनिटाला सत्तर ठोके आणि सत्तर वर्षे धरली, तर आपले २५७ कोटींवर जातात. मग मी स्वातंत्र्याच्या काळातले भारतीयांचे सरासरी आयुर्मान घेतले. ते सुमारे ३२ वर्षे होते. उत्तर आले ११८ कोटी. त्या काळची सरासरी बालमृत्यूंमुळे इतकी खाली होती, त्यामुळे प्रौढ माणसाविषयी यावरून निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही, हे मी जाणते. तरीही ११८ हा आकडा बराच वेळ माझ्यासमोर पडून होता. ज्या बालकांनी ती सरासरी खाली ओढली, त्यांच्यासाठीच आपला व्यवसाय आहे.

आयुष्याकडे वळते. युरोपातल्या पिग्मी श्रूचे (वजन अडीच ते सहा ग्रॅम) आयुष्य कमाल दीड वर्षाचे, बहुतेकींचे त्याहून कमी. उन्हाळ्यात जन्मायचे, एक हिवाळा अर्धवट वाढीत काढायचा, वसंतात वयात यायचे, पिले द्यायची आणि शरदापर्यंत मरून जायचे. दुसरा हिवाळा तिच्या नशिबी नसतो. तिच्याहून थोड्या मोठ्या सामान्य श्रूबाबत पोलंडच्या ऑगस्ट डेनेल यांनी १९४९ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. हिवाळ्याआधी या प्राण्याची कवटी आणि मेंदू आक्रसतात आणि वसंतात पुन्हा वाढतात. २०१७ मध्ये तेच प्राणी पुन्हा पुन्हा पकडून, क्ष-किरण चित्रे काढून हे तपासले गेले. कवटीची उंची सरासरी १५ टक्क्यांनी घटली होती आणि नंतर सुमारे ९ टक्क्यांनी भरून आली होती. अन्न कमी असताना महागडा मेंदू पोसण्यापेक्षा तो लहान करणे परवडते. प्रौढ सस्तन प्राण्याचे हाड असे मागे जाऊन पुढे येते, यावर आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांनी विचार करावा.

हैदराबादेत असा हिवाळा नाही. आपली चिचुंद्री मोकळ्यावर दीड ते अडीच वर्षे जगते, आणि तिचा वीण-हंगाम वर्षभर चालू असतो. पावसाळ्यात कीटक वाढले की अधिकच.

तिचे प्रजनन हा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आवडीचा विषय व्हावा. उंदराच्या मादीला चार-पाच दिवसांचे नियमित ऋतुचक्र असते. चिचुंद्रीला चक्रच नाही. बीजमोचन आपोआप होत नाही, ते समागमानंतरच होते. तोवर बीजांड वाट पाहत राहते. त्याहून नवल म्हणजे मादीची समागमाची इच्छा इस्ट्रोजेनच्या चढउतारावर अवलंबून नसते. तिच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन मेंदूत पोचते आणि तिथे त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होऊन काम होते. अमेरिकेत एमिली रिसमन यांनी १९८० च्या दशकापासून या विषयाचा पाठपुरावा केला. नर प्रथम समोर आला की मादी त्याच्यावर तुटून पडते, किंचाळते, चावते; काही वेळाने तीच शेपटी हलवू लागते.

गर्भावस्था तीस दिवसांची. एका वेळी एक ते आठ पिले, बहुधा दोन ते चार. घरातल्या उंदराची गर्भावस्था तीन आठवड्यांची आणि पिले सहा ते आठ, किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे चिचुंद्री कमी पिले देते आणि पोटात अधिक दिवस वाढवते. दोन ग्रॅमची एट्रुस्कन श्रूदेखील सत्तावीस-अठ्ठावीस दिवस गर्भ धरते आणि ०.२ ग्रॅमची दोन ते सहा पिले देते. लाल दातांच्या युरोपीय श्रू मात्र तीन-साडेतीन आठवड्यांत मोठे वेत मोकळे करतात. थंड प्रदेशातला उन्हाळा थोडा, म्हणून घाई. आपल्याकडील चिचुंद्रीची पिले आंधळी आणि केसांवाचून जन्मतात, सुमारे तीन आठवड्यांत अंगावरून सुटतात, आणि मादी पाच-सहा आठवड्यांची झाली की स्वतः आई होऊ शकते. मॉरिशसजवळ सुमारे २६ हेक्टरच्या एका बेटावरून या प्राण्याला पकडून हटवण्याचा मोठा प्रयत्न झाला होता, तो याच वेगापुढे फसला. जहाजांतून ती तिथे पोचली, ग्वामला १९५३ मध्ये पोचली. मूळ घर आपला उपखंड. परक्या बेटावर ती खरोखर उपद्रवी ठरते. तिथल्या पाली-सरड्यांना तिची सवय नसते. आपल्याकडे गव्हाणी घुबडे तिचा समाचार घेतात, त्यांच्या ओकलेल्या गोळ्यांत तिच्या कवट्या हटकून सापडतात. मांजर तिला मारते, पण वासामुळे सहसा खात नाही.

वैद्यकाने तिच्याकडून बरेच घेतले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असावे. उंदरांना ओकारी होत नाही. त्यामुळे वांतीवरची औषधे तपासायला कुत्री, मांजरे, फेरेट यांवर अवलंबून राहावे लागे. १९८७ मध्ये उएनो, मात्सुकी आणि साइतो या जपानी संशोधकांनी दाखवले की चिचुंद्री ओकते. सिसप्लॅटिन दिले तरी ओकते आणि पुढे-मागे हलवत राहिले तरी ओकते. गाडी लागणे या तक्रारीचा अभ्यास करायला एवढा लहान प्राणी तोवर मिळाला नव्हता. ऑन्डान्सेट्रॉन आपण किमोथेरपीच्या रुग्णाला सहज लिहून देतो. त्या वर्गातल्या औषधांचा अभ्यास या प्राण्यावर बराच झाला आहे. जठराच्या हालचाली चालवणारे मोटिलिन हे संप्रेरक उंदरांत लोप पावले आहे, पण चिचुंद्रीत आहे, माणसात आहे. तिला अंधांत्र नाही, अॅपेंडिक्स नाही. एक दिवस उपाशी ठेवले तर तिचे यकृत चरबीने भरते, हेही जपानमध्येच १९९१ मध्ये नोंदले गेले. नागोया विद्यापीठात तिचे जे वंश पाळले गेले, त्यांतले काही नेपाळ व बांगलादेशातून नेलेल्या प्राण्यांपासून तयार झाले. सुश्रुताने तिच्या नावापुढे वांती लिहिली होती, ती दंश झालेल्या माणसाची. दोन गोष्टींचा संबंध काही नाही. वाचताना गंमत वाटली एवढेच.

रोगांच्या बाबतीत ती निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. १९६४ मध्ये वेल्लोरजवळ मेंदूज्वराच्या विषाणूंचा शोध चालू असताना एका चिचुंद्रीत एक अनोळखी विषाणू सापडला. तिथल्या वस्तीवरून त्याला थोट्टपाळयम हे नाव मिळाले. पुढे १९८९ मध्ये कळले की तो हंताविषाणूंपैकी आहे. म्हणजे ज्या हंतान विषाणूवरून सर्व कुळाला नाव पडले, तो कोरियात हाती लागण्याच्या कितीतरी आधी त्याचा भाऊ आपल्या दक्षिणेत सापडून बसला होता. त्याच्यामुळे माणसाला आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. चीनमध्ये २०२२ मध्ये ज्या लांग्या विषाणूचे ३५ रुग्ण प्रसिद्ध झाले, त्याचे मूळ तिथल्या श्रूंमध्ये असावे असे दिसते. जर्मनीत बोर्ना विषाणू एका श्रूकडून माणसात येऊन मेंदूदाह होतो, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. लेप्टोस्पायराही तिच्यात आढळला आहे, आणि प्लेगचा पिसू तिच्या अंगावर राहू शकतो; व्हिएतनाम व मादागास्कर येथे प्लेगच्या संदर्भात तिचे नाव घेतले जाते. हैदराबादला हा विषय परका नाही. १९११ च्या प्लेगनंतरच इथे १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, आणि नल्लकुंट्याच्या फिव्हर हॉस्पिटलला जुनी मंडळी अजून 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. क्वारंटाइनचे ते आपले रूप.

तेव्हा चिचुंद्री हाताने धरू नये, तिची विष्ठा कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती चावली तर विष चढत नाही. अमेरिकेतल्या एका श्रूच्या लाळेत विष असते, आपल्या चिचुंद्रीत तसे आढळलेले नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, धनुर्वाताची लस पाहावी, पुढचे दोन-तीन आठवडे तापावर लक्ष ठेवावे. रेबीजच्या लसीचा निर्णय प्रसंग आणि राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पाहून डॉक्टरने करावा.

आता १९९८ चे उरलेले सांगते.

वहिनींनी दुकानातून नळीतले औषध आणले. त्या लेपात पिवळा फॉस्फरस होता. पावाच्या तुकड्यांना तो लावून त्यांनी ते पलंगाखाली, भिंतीच्या कडेला ठेवले. उंदीर असता तर पहिल्याच रात्री पाव नाहीसा झाला असता, आणि सकाळी उरलेले गोळा करून टाकले असते. चिचुंद्रीला त्या कोरड्या पावाचे काय? ती त्याच्या शेजारून झुरळे टिपत गेली असेल. एक रात्र गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. पाव तिथेच. चौथ्या दिवशी दुपारी घर झोपले असताना त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा चेंडूमागे पलंगाखाली शिरला.

त्याला माझ्याकडेच आणले. ओठांवर लेप होता, वांत्या चालू होत्या. मी रिक्षात सोबत बसून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. दुसऱ्या दिवशी वांत्या थांबल्या, तो हसला, बिस्किट मागू लागला. घरच्यांना वाटले, संकट टळले. पिवळ्या फॉस्फरसचा हा फसवा काळ पुस्तकात वाचलेला होता. तो पाहण्याची माझी पहिलीच वेळ. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, मग रक्तस्राव सुरू झाला. या विषावर उतारा नाही. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला.

पाव तीन रात्री तसाच राहिला, हे मला वहिनींनीच सांगितले. दोष देण्यासाठी नव्हे. पंधरा दिवसांनी त्या आल्या होत्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, उंदीर तर त्याला शिवलासुद्धा नाही." मला तेव्हाही उमगले नाही. पुढे महिन्याभराने आमच्याच मोरीत ते धूड पाहिले, लांब नाक, बारीक डोळे, दर्प, आणि शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, हा उंदीर नव्हे, चिचुंद्री. ही पाव खात नाही." तेव्हा सगळे जुळले.

त्यानंतर दवाखान्यात कोणी उंदराची तक्रार केली की मी प्रथम विचारते : वास येतो का? नाक तोंडापुढे लांब आहे का? काही कुरतडले आहे का? लेंड्या कोरड्या दाण्यांसारख्या आहेत, की काळपट, मऊ, आत कीटकांचे तुकडे दिसणाऱ्या? उत्तरे चिचुंद्रीची असली तर मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवायला सांगते, दाराखालची फट बुजवायला सांगते, रात्री खरकटे झाकायला आणि झुरळे कमी करायला सांगते. झुरळे गेली की ती आपण होऊन दुसरे घर पाहते. पिंजऱ्यात सापडली तर रात्रभर ठेवू नये. एवढ्या वेळाच्या उपासाने ती मरू शकते. लेप आणि विष लहान मुलांच्या घरात कोणत्याही प्राण्यासाठी नको, हे खरा उंदीर असला तरी सांगते. चिकट कागदही नको. एकाने तो माझ्याकडे आणून दाखवला होता. त्यावर एक मादी आणि तिच्यामागे ओळीने चार पिले चिकटलेली होती.

ती ओळ कशी असते, हे मी नंतर जिवंत पाहिले. आमच्या मागच्या अंगणात, श्रावणातल्या एका रात्री, वीज गेलेली असताना. पिले चालती झाली की आई जागा बदलते. पहिले पिलू आईच्या शेपटीच्या बुडाशी लव दातांत धरते, दुसरे पहिल्याची, तिसरे दुसऱ्याची. पकड इतकी घट्ट, की आईला उचलले तर सबंध माळ उचलली जाते, असे प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. मी कंदील घेऊन पायरीवर उभी होते. तुळशीच्या कट्ट्याला वळसा घालून ती माळ भिंतीच्या कडेने, एकाच लांब प्राण्यासारखी, सरपटत गेली. आई आणि चार पिले. शेवटचे पिलू वळणावर सुटले, जागच्या जागी गोल फिरत चिक्‌ चिक्‌ करू लागले. आई थांबली, सगळी माळ घेऊन मागे फिरली, त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. त्याने पुढच्याची लव पुन्हा दातांत धरली, आणि मग ती सगळी जळणाच्या ढिगामागे गेली.